कांदा, कापूर, कॉफी वर्ज्य

दवाखान्याची पाटी मी अजून उतरवली नाही.
डॉ. वि. ग. मोहरील, चिटणवीसपुरा,
सकाळी आठ ते साडेअकरा,
आणि खाली बाबांच्याच अक्षरात
कांदा, कापूर, कॉफी वर्ज्य.
मे महिना. कूलरच्या ताट्यांवर पाणी मारून
मी बाटल्या खोक्यात भरतो आहे.

या गावात माणूस खिशात कांदा घेऊन उन्हात निघतो.
बाबा त्यालाच विचारत, कांदा सोडला का?
आणि गळत्या नाकाला, झोंबत्या डोळ्यांना
कांद्याचंच औषध देत. आलिअम सेपा, तीस.
जो रडवतो तोच डोळे पुसतो, म्हणत.
पायातला काटा काट्यानं काढतोस
तेव्हा थिअरी विचारतोस काय?

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो.
एकदा जेवताना मांडून दाखवलं होतं :
एक थेंब अर्काचा, नव्याण्णव अल्कोहोलचे,
त्यातला एक, पुन्हा नव्याण्णव,
बाराव्या पायरीशी, बाबा, मूळ वस्तूचा
एक रेणूही हाती लागत नाही.
तुम्ही तर दोनशेपर्यंत जाता.
अख्खं अंबाझरी त्याला लोटाभर.
ते म्हणाले, वरणात मीठ कमी आहे.
मग हात धुताना,
झटके धरलेस का हिशेबात?

झटके धरले नव्हते.
पहाटे ऐकू यायचे, थप्, थप्, थप्, दहा वेळा,
चामडी जिल्दीच्या खातेवहीवर बाटली आपटताना,
पाण्याला कुणी दार वाजवून उठवावं तसे.

न्यूमोनियाच्या एका पोराला मात्र
स्वतः रिक्षात मांडीवर घेऊन मेयोत नेलं होतं.
ते वहीत नाही. वहीत बरे झालेलेच आहेत.

काल गड्डीगोदामहून चंद्रकला उईके आल्या.
"डॉक्टरसाहेब नाही राह्यले, मले माहीत हाये.
पन मले त्याइचीच बाटली पाह्यजे."
वही काढली. पान एकशे बारा.
तहान : घोटघोट. ऊन : चालतं.
रडू : एकटी असताना.
कुणी समजूत काढली की : राग.
स्वप्न : फाटक बंद, गाडी येत नाही.
एवढं तर मला माझ्या बायकोचं ठाऊक नाही.
मी विचारलं, गाडी आली का?
त्या तासभर बोलल्या.
दुर्गला राहणारा मुलगा, त्याचा न येणारा फोन,
उशीखाली ठेवलेली टॉर्च.
मध्येच हसल्या, का ते कळलं नाही.

त्यांच्या औषधाची बाटली सुकून गेली होती.
मी नुसत्या साखरेच्या गोळ्या भरल्या,
सांगितलं काही नाही.
आणि दारापर्यंत त्यांची पाठ गेल्यावर
हात आपोआप रिकामी बाटली आपटत राहिला.

आज निरोप आला : झोप लागली.
हा पुरावा नव्हे. एका बाईची एक रात्र.
विद्यार्थ्यानं लिहिलं असतं तर लाल शाईनं खोडलं असतं.
तरी मी निरोप एकशे बारा पानावर उतरवला,
औषधाची जागा कोरी ठेवून.

तीन महिने झाले.
सदऱ्याचा स्पिरिटचा वास गेला,
चष्म्याचं घर कुणी तरी घेतलं,
खुर्चीवर आता मीच बसतो.
रोज एक थेंब आणि नव्याण्णव दिवसभराचं इतर काही.
बाबांच्या हिशेबानं ते आता जास्त प्रखर असायला हवेत.
माझ्या हिशेबानं... राहू दे.

स्वयंपाकघरातून विळीचा आवाज येतो.
दवाखान्याला लागून म्हणून
या घरात दिवसा कधी कांदा चिरला नाही.
आई चिरते आहे. दोन, तीन, गरजेपेक्षा पुष्कळ.
डोळे गळताहेत, पदरानं पुसत नाही.

मी वही घेऊन तिच्या समोर पाटावर बसतो,
आणि कोऱ्या पानाला विचारावं तसं हळूच विचारतो,
बंद खोलीत वाढतं का?
उघड्या हवेत जरा बरं वाटतं?